गटारं, पाणी महापालिकेकडे. मग आमदार नेमकं करतो काय?

तुमचा प्रश्न असा, की नळ, गटारं, दिवाबत्ती महापालिका बघते, लोकल दिल्लीच्या हातात, मग नवी मुंबईतला आमदार पाच वर्षं करतो काय? कोपरखैरण्यात एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात मी काही वर्षं पत्रव्यवहार सांभाळत होतो. त्या जोरावर सांगतो. साहेबांचं नाव विचारू नका.

सकाळी शटर वर जायच्या आत माणसं उभी असायची. शाळेत प्रवेश हवा, हॉस्पिटलचं बिल कमी करा, पाण्याला दाब नाही, पोराला टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्यात कुठेतरी चिकटवा. कायद्याने पाहिलं तर यातलं एकही काम आमदाराचं नाही. तरी लेटरहेडवर पत्र निघायचं, खाली ठरलेलं वाक्य: ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी.’ पत्रामागून साहेबांचा फोन गेला नाही, तर ते कितपत मनावर घ्यायचं हे समोरच्या अधिकाऱ्याला बरोबर कळायचं. त्यात 2020 नंतर काही वर्षं निवडणूकच झाली नाही, महापालिकेत प्रशासक बसले. मग नगरसेवकाच्या दारातली गर्दीही आमदाराच्याच दारात.

आमदार निधी वर्षाला 5 कोटी, पण तो हातात येत नाही. आमदार काम सुचवतो, मंजुरी ठाण्याहून, जिल्हाधिकारी कार्यालयातून येते. व्यायामशाळा, शेड, हायमास्ट आणि त्यावर नावाची पाटी, एवढंच लोकांना दिसतं.

खरी ताकद सभागृहात असते आणि तिची बातमी फारशी होत नाही. नवी मुंबई वसवणारी सिडको ही राज्य सरकारची कंपनी, तिच्यावर हुकूम चालतो नगरविकास खात्याचा. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्तांनी गावठाणांभोवती गरजेपोटी बांधलेली घरं नियमित करायची, तर महापौरांना कितीही वाटून उपयोग नाही, निर्णय मंत्रालयातच लागतो. तिथे आमदाराने सभागृहात विचारलेला तारांकित प्रश्न किंवा मांडलेली लक्षवेधी सूचना कामाला येते. मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर तयार करायला बसतो आपला फोन न उचलणारा तोच अधिकारी! लक्षवेधी लागल्याचं कळलं, की धूळ खात पडलेली फाईल एकदम सापडते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या भागात या पदाचं वजन दाखवून दिलं ते जासईच्या दि. बा. पाटलांनी. पेशाने वकील, पक्ष शेकाप, पनवेलमधून पाच वेळा आमदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते. सभागृहात बोलायचे आणि रस्त्यावरही उतरायचे. सिडकोने घेतलेल्या जमिनींसाठीच्या जानेवारी 1984 च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड हे तत्त्व त्या लढ्यातून आलं. इथल्या कितीतरी आगरी-कोळी घरांचं आजचं बरं चाललेलं त्यावरच उभं आहे.

आता प्रत्येक आमदार तसा का होत नाही? कारण सभागृहातल्या कामाची मतं मिळत नाहीत. नवी मुंबईतल्या बेलापूर मतदारसंघाचंच बघा. 2014 मध्ये गणेश नाईकांसारखा मुरलेला नेता मंदा म्हात्रेंकडून जेमतेम दीड हजार मतांनी पडला. 2024 मध्ये मंदाताई जिंकल्या त्या गणेश नाईकांचे चिरंजीव संदीप नाईकांविरुद्ध, 377 मतांनी. सीवूड्समधल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत याहून जास्त मतदार निघतील. इतक्या कमी फरकावर ज्याची आमदारकी टांगलेली, तो एखाद दिवस अधिवेशन बुडवेल, पण कुणाचा दहावा चुकवणार नाही. मला यात आमदारापेक्षा आपलाच दोष जास्त दिसतो.

तुमच्या आमदारांनी काय प्रश्न विचारले, हे पाहायचं तर विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाज चाळा. पाण्याची तक्रार मात्र थेट महापालिकेच्या विभाग कार्यालयात द्या. आमच्याकडून पत्र नेलं, तरी शेवटी ते त्याच टेबलावर जाऊन पडायचं.