मुलीला ऑर्थोप्टिस्टकडे पाठवलंय, हे नक्की काय करतात? आणि व्हिजन थेरपीने खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पाच वर्षांची आहे, शाळेतल्या तपासणीत उजव्या डोळ्याने कमी दिसतं असं निघालं, डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा दिला आणि पुढे ऑर्थोप्टिस्टकडे जा म्हणाले, आणि हे डॉक्टर असतात की चष्मा करून देणारे तेच तुम्हाला कळेना. वर कुणीतरी ऑनलाइन व्हिजन थेरपी, म्हणजे डोळ्यांचे व्यायाम, घ्या, चष्मा सुटेल असंही सांगितलंय. मी स्वतः ऑर्थोप्टिस्ट आहे, बारा वर्षं झाली, बहुतेक काम लहान मुलांचंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणजे ऑप्थॅल्मॉलॉजिस्ट, आजार ओळखणं, औषधं, ऑपरेशन हे त्यांचं. ऑप्टोमेट्रिस्ट मुख्यतः नजर तपासतात, नंबर काढतात. आम्ही जोडी बघतो. म्हणजे दोन्ही डोळे एकाच जागी बघतात का, सोबत हलतात का, आणि दोघांकडून आलेली दोन चित्रं मेंदू एकत्र करतो का. प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू असतात, दोन्ही मिळून बारा, त्यांना हलवणाऱ्या नसांच्या तीन जोड्या, एवढं सगळं अचूक जुळलं तर आपल्याला एक वस्तू एकच दिसते आणि तिची खोली कळते. ते जुळत नसेल तर कुठे आणि किती हे मोजणं हा आमचा निम्म्याहून जास्त वेळ. हे काम वेगळा पेशा म्हणून १९२० च्या दशकात सुरू झालं, मेरी मॅडॉक्स नावाच्या बाई पहिल्या ऑर्थोप्टिस्ट मानल्या जातात, त्यांचे वडील अर्नेस्ट मॅडॉक्स डोळ्यांचे डॉक्टर होते आणि त्यांच्या नावाची मॅडॉक्स रॉड ही लाल काच मी अजूनही रोज वापरते.

आता तुमच्या मुलीचं. तपासणी मी केलेली नाही, पण वर्णनावरून हा अँब्लिओपिया वाटतो, ज्याला लोक आळशी डोळा म्हणतात. मला हा शब्द अजिबात आवडत नाही कारण मुलं तो ऐकतात आणि आपलंच काहीतरी चुकलं असं धरून बसतात. खरं काय होतं, की एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असतो किंवा डोळा तिरळा असतो, मग त्या डोळ्याकडून येणारं चित्र धूसर किंवा न जुळणारं असतं आणि मेंदू ते बाजूला टाकायला शिकतो. पुढे चष्मा लावला तरी त्या डोळ्याने पूर्ण दिसत नाही, कारण बघायची सवयच घडलेली नसते. आणि तुमच्या लक्षात आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, प्लीज. दुसरा डोळा चांगला असला की मूल पळतं, खेळतं, चित्रं रंगवतं, घरात कुणालाच कळत नाही, मुलालाही नाही, त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं.

पहिल्या भेटीत दुखण्यासारखं काही नसतं. एकेक डोळा झाकून अक्षरं किंवा चित्रं ओळखायची. मग कव्हर टेस्ट, मुलगी एका खेळण्याकडे बघते आणि मी एक डोळा झाकते, उघडा डोळा जागेवरून सरकला तर तो आधी त्या खेळण्यावर नव्हता असं कळतं, मग प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवणारी काच, धरून तिरळेपणा किती ते मोजायचं. ऑपरेशनची वेळ आली तर कुठला स्नायू किती सरकवायचा हे सर्जन याच आकड्यांवरून ठरवतात, म्हणून आम्ही तेच तेच दोन तीनदा मोजतो, कंटाळू नका. एका टेस्टमध्ये खास चष्मा घालून मोठ्या माशीचं चित्र दाखवतात आणि तिचे पंख चिमटीत पकड म्हणतात, ज्या मुलाचे दोन्ही डोळे सोबत काम करतात त्याची बोटं कागदाच्या वर हवेतच थांबतात, ज्याचे करत नाहीत तो थेट कागदावर बोट टेकवतो. कितीतरी आईवडिलांना ते बघून पहिल्यांदा कळतं की आम्ही म्हणतोय ते काय आहे.

उपचाराची सुरुवात चष्म्यापासून, तोही झोपेपर्यंत पूर्ण दिवस. साधारण १६ ते १८ आठवडे नुसत्या चष्म्यानेच नजर वाढत राहू शकते आणि काही मुलांना पुढे चांगला डोळा झाकायची पट्टी लागतच नाही, म्हणून डॉक्टरांनी पट्टी लगेच दिली नाही तर दुर्लक्ष केलं असं समजू नका. पट्टी लागलीच तर ती चांगल्या डोळ्यावर लावायची (हे मुद्दाम सांगते, उलट्या डोळ्यावर लावून आलेली मुलं मी पाहिली आहेत) आणि कातडीला चिकटणारी, चष्म्याच्या काचेवर नको कारण मुलं कडेने बघतात. किती तास हे मोजमापावरून ठरतं. मध्यम अँब्लिओपियात रोज दोन तास आणि सहा तास यांचा परिणाम जवळपास सारखाच आला असं २००३ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलंय, त्यामुळे जास्त तास म्हणजे लवकर बरं असं सरसकट नाही. काहींना पट्टीऐवजी चांगल्या डोळ्यात अट्रोपिनचे, म्हणजे त्या डोळ्याला तात्पुरतं धूसर दिसेल असे, थेंब देतात. स्वतःच्या मनाने तास वाढवू नका, चांगल्या डोळ्याची नजरही कमी होऊ शकते. सात वर्षांच्या आत सुरू केलं तर सगळ्यात चांगलं, पण नंतर काहीच होत नाही हेही खरं नाही, मोठ्या मुलांमध्येही सुधारणा होते, फक्त वेळ लागतो आणि खात्री कमी असते.

व्हिजन थेरपीबद्दल मी स्पष्ट बोलते. एका त्रासात व्यायामांचा पक्का उपयोग आहे, कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी, म्हणजे जवळचं वाचताना दोन्ही डोळे आत वळून टिकत नाहीत, डोकं दुखतं, अक्षरं हलतात. २००८ च्या अभ्यासात क्लिनिकमध्ये बसून १२ आठवडे व्यायाम आणि सोबत घरचा सराव करणाऱ्या मुलांपैकी ७३ टक्के बरी झाली किंवा सुधारली, घरी फक्त पेन्सिल नाकाकडे आणायचा व्यायाम करणाऱ्यांत हेच प्रमाण ४३ टक्के होतं. पण चष्म्याचा नंबर व्यायामाने जात नाही, नंबर हा डोळ्याच्या आकाराचा प्रश्न आहे. डिस्लेक्सिया किंवा अभ्यासातलं मागे पडणं डोळ्यांच्या व्यायामाने बरं होतं याला पुरावा नाही, अशा मुलाला वाचन शिकवणाऱ्या तज्ज्ञाची गरज असते आणि त्याचे महिने इकडे वाया जातात याचं मला फार वाईट वाटतं. त्यामुळे कुणी थेरपी सुचवली तर विचारा, नेमकं निदान काय, आत्ताचं मोजमाप काय आणि परत कधी मोजणार. उत्तर नसेल तर घेऊ नका.

मोठी माणसंही आमच्याकडे येतात, डायबेटिसमुळे नस अधू झाली, स्ट्रोक, थायरॉइड, डोक्याला मार, आणि एकाचे दोन दिसायला लागतात. त्यांच्या चष्म्यावर पातळ प्रिझम चिकटवला की खूपदा त्याच खुर्चीत एक दिसायला लागतं. अचानक दोन दिसणं, त्यात डोकं खूप दुखणं किंवा पापणी पडणं असेल तर आमची अपॉइंटमेंट घेत बसू नका, ताबडतोब इमर्जन्सीला जा. तसंच बाळाच्या डोळ्यात फोटोत किंवा एरवी पांढरी चमक दिसली, किंवा तीन चार महिन्यांनंतरही डोळा तिरळा जातोय असं वाटलं तर मोठेपणी जाईल म्हणून थांबू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या.

येताना जुना चष्मा, आधीचे कागद आणि मुलीचे लहानपणापासूनचे समोरून काढलेले फोटो आणा, डोळा कधीपासून वळतोय ते त्यावरून कळतं. आणि पट्टी सुरू झाली तर रोजचे तास वहीत लिहा, पण खरे. पट्टीत सेन्सर बसवून बघितलं तेव्हा मुलं सांगितलेल्या वेळेच्या निम्म्याच्या आसपासच लावतात असं आढळलंय, म्हणजे हे सगळ्यांच्या घरी होतं. तुम्ही दोन तास लिहिले आणि झाला असेल अर्धा, तर नजर वाढली नाही की आम्ही समजतो उपचार चालत नाहीयेत आणि तास वाढवतो, मुलीला उगाच जास्त त्रास. अर्धा तास झाला तर अर्धा तास लिहा, रडली तर तेही लिहा, त्यावरून वेळ कशी बदलायची ते आपण मिळून ठरवू शकतो.