वाचक विचारतात : इंग्रजीचं सॉफ्टवेअर घेण्याआधी मुद्दाम चुका

प्रश्न : आमच्या मराठी माध्यमिक शाळेत दहा संगणक आहेत. माजी विद्यार्थी इंग्रजीच्या सॉफ्टवेअरसाठी पैसे द्यायला तयार आहेत. दोन विक्रेते दाखवून गेले, दोन्ही छानच वाटली. आठवी-नववीसाठी निवड कशी करावी?
— एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : ताई, विक्रेता प्रत्येक वेळी बरोबर उत्तर देतो, म्हणून सगळं छान दिसतं. माऊस तुम्ही हातात घ्या आणि चुकीची उत्तरं द्या. 'शी गो टू स्कूल' असं टाइप करा. नुसती लाल फुली आणि 'ट्राय अगेन' आलं, तर ते सॉफ्टवेअर परीक्षा घेतंय, शिकवत नाही. चांगलं सॉफ्टवेअर 'गो'वर बोट ठेवतं, कर्ता एकवचनी असल्याची आठवण देतं, पुन्हा संधी देतं आणि दोन-तीन प्रश्नांनंतर तसंच दुसरं वाक्य समोर आणतं.

मग उलट करून बघा. बरोबर उत्तर वेगळ्या रूपात द्या : 'डोन्ट'ऐवजी 'डू नॉट', शेवटी एक जादा स्पेस, पूर्णविराम गाळून. पुष्कळ स्वस्त प्रोग्रॅम उत्तर अक्षरन् अक्षर जुळवतात, त्यामुळे बरोबर उत्तरालाही फुली पडते. कच्च्या मुलाला वाटतं आपलं इंग्रजीच चुकलं, आणि ते लिहायचंच सोडून देतं. आमच्या मते एवढ्या एका दोषावरून सॉफ्टवेअर नाकारायला हरकत नाही.

आपल्या मुलांना नेमकं काय जड जातं, तेही धड्यांत शोधा. मराठीत 'अ, ऍन, द' नाहीत आणि क्रियापद शेवटी येतं. कन्नडमध्येही तसंच. म्हणजे घरची भाषा कोणतीही असो, सीमाभागातलं मूल इथे अडखळणारच. मधलेच कुठलेही पाच धडे उघडा आणि या दोन गोष्टींचा सराव किती आहे ते मोजा. उच्चार फक्त देवनागरीत लिहून दाखवणारं सॉफ्टवेअर टाळा : बनियनचा 'वेस्ट' आणि पश्चिमेचा 'वेस्ट' देवनागरीत बरेचदा सारखेच लिहिले जातात, पण पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. हा फरक कानांनीच पकडावा लागतो.

पातळीबाबत विक्रेता 'ए-वन', 'ए-टू' म्हणेल. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही भाषा किती येते याची सहा पायऱ्यांची मोजपट्टी ('ए-वन' सर्वांत खालची पायरी) चांगली आहे, पण लेबल कुणीही चिकटवू शकतं. एक उतारा मुलांना वाचायला द्या. शंभरात पाच-सहापेक्षा जास्त शब्द अनोळखी निघाले, तर तो जड आहे.

पैसे देण्याआधी चार मुलांना एक तास बसवा, दोन हुशार आणि दोन कच्ची. मदत करू नका, मागे उभं राहून बघा. चार पर्यायांवर एकामागून एक टिचक्या मारून मूल पुढे सरकत असेल, तर स्क्रीनवरच्या गुणांना अर्थ नाही; डोळे झाकूनही पंचवीस टक्के मिळतात. आठ दिवसांनी त्याच धड्यातली दहा वाक्यं वहीत लिहायला लावा. खरा निकाल तो.

इंटरनेट बंद करूनही चालवून बघा. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसाळ्यात याचं महत्त्व तुम्हाला सांगायला नको. लायसन्स संगणकामागे की मुलामागे, आणि वर्ष संपल्यावर धडे उघडतात की कुलूप लागतं, हे लेखी घ्या.

प्रश्न : मुलीच्या हेडफोनमध्ये आवाज येतो, पण ती बोललेलं प्रोग्रॅमला ऐकू जात नाही. माईक बिघडलाय का?
— एक पालक, निपाणी

उत्तर : बहुधा नाही. पिन बघा. तीन काळी वळी असतील, तर ती मोबाईलची पिन आहे; आवाज आणि माईक एकाच पिनेत. जुन्या डेस्कटॉपला हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं असतात. हिरव्यात घातलं की आवाज येतो, माईक तसाच राहतो. एका पिनेच्या दोन करणारा स्प्लिटर घ्या, काम होईल. तरीही नाही झालं, तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये माईकची परवानगी द्या.

माईक चालू झाला की एक करा : इंग्रजी वाक्याच्या जागी खणखणीत मराठी वाक्य बोला. त्यालाही शाबासकी मिळाली, तर तो प्रोग्रॅम उच्चार तपासतच नाही, फक्त आवाज आला की नाही एवढंच बघतो.

प्रश्न : वाचनालयात इंग्रजी शिकवणाऱ्या जुन्या सीडी आहेत. नव्या संगणकावर चित्रं उघडत नाहीत. टाकून द्याव्यात?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : त्या काळच्या बऱ्याच सीडी फ्लॅश या हलती चित्रं दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालायच्या. तो बनवणाऱ्या अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरमध्ये मजकूर चालणंही थांबवलं. टाकू मात्र नका. सीडी विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये उघडून एमपीथ्री किंवा वेव्ह फाइली शोधा. संवाद अशा सुट्या फाइलींत असतील, तर कॉपी करून मोबाईलवरसुद्धा ऐकता येतील.