नागपूरहून जर्मनीला निघताना

रोज रात्री घरी फोन करण्याचा नेम तू ठरवला असशील. परंतु ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतील घड्याळे एक तास मागे जातात, नागपूरशी असलेले साडेतीन तासांचे अंतर साडेचार तासांचे होते आणि तुझे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा घरी मध्यरात्रीचे साडेबारा झालेले असतात. माझ्या आईने पहिला हिवाळा असाच जागून काढला, हे मला फार उशिरा कळले. त्यापेक्षा दुपारी दोनला फोन कर. घरी तेव्हा सायंकाळचे साडेसहा असतात. रविवारी तिथे बहुतेक दुकाने बंद असतात आणि एकटेपणा त्याच दिवशी अधिक जाणवतो. त्या दिवशी वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात तर्री-पोहे करून शेजारच्या मुलांना बोलाव. चणे मात्र शनिवारी रात्रीच भिजत घाल.