वाचकांचे प्रश्न : लाइटहाउसने नेमके काय पाहिले?

या वेळी जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कवर बांधलेल्या वेब अ‍ॅपच्या तपासणीचे प्रश्न बरेच आले. बहुतेक प्रश्न गूगलच्या लाइटहाउस या, वेबपाने तपासून शंभरपैकी गुण देणाऱ्या मुक्तस्रोत साधनाविषयी आहेत, म्हणून उत्तरेही त्यालाच धरून दिली आहेत.

प्रश्न : रिअ‍ॅक्ट अ‍ॅप लॅपटॉपवर तपासले की परफॉर्मन्सचा स्कोअर चाळिशीत येतो, सर्व्हरवर चढवले की ऐंशीच्या वर जातो. कोड तोच आहे. मग खरा आकडा कोणता?

तुम्ही बहुधा ‘एनपीएम रन डेव्ह’ चालू ठेवून ५१७३ पोर्टवर तपासणी केली आहे. तिथे व्हीट (Vite) हे बिल्ड-साधन तुमचे प्रत्येक मॉड्यूल वेगळी फाइल म्हणून पाठवते, कोड मिनिफाय म्हणजे आक्रसून लहान झालेला नसतो, रिअ‍ॅक्टची डेव्हलपमेंट आवृत्ती चालते आणि स्ट्रिक्ट मोड असेल तर कंपोनंट दोनदा रेंडर होतात. तो चाळीसचा आकडा विसरून जा. आधी ‘एनपीएम रन बिल्ड’, मग ‘एनपीएम रन प्रिव्ह्यू’ आणि ४१७३ पोर्टवर तपासणी, हा क्रम ठेवा. अँग्युलरवाल्यांनीही ‘एनजी सर्व्ह’च्या पानावर स्कोअर काढू नये.

एवढे करूनही थोडा फरक राहील. मोबाइल तपासणीत लाइटहाउस १५० मिलिसेकंद लेटन्सी आणि सेकंदाला सुमारे १.६ मेगाबिट वेग असे नेटवर्क गृहीत धरते आणि प्रोसेसर चौपट मंद धरते. ही चौपट तुमच्याच यंत्राच्या वेगावर असते, म्हणून जुन्या लॅपटॉपवर आकडा आपोआप घसरतो. त्यातच टोटल ब्लॉकिंग टाइमला (जावास्क्रिप्टच्या लांब कामांमुळे पान अडकून राहिलेला वेळ) एकूण स्कोअरमध्ये ३० टक्के वजन आहे आणि त्यावर प्रोसेसरचा परिणाम सर्वांत जास्त होतो. एक्स्टेन्शनचा कोडही पानावर चालतो, तेव्हा गेस्ट विंडोत तपासा. पाच वेळा तपासून मधला आकडा घ्या. ८१ चे ८४ झाले म्हणून आनंद मानण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आमच्या व्ह्यू अ‍ॅपला ९६ मिळतात. तरी ग्राहक म्हणतात, मालाची यादी उघडताना आणि फिल्टर लावताना अ‍ॅप अडकते.

ग्राहकही बरोबर आहेत आणि ९६ ही. नेहमीची तपासणी ‘नेव्हिगेशन’ प्रकारची असते : कोरा टॅब, एक पत्ता, पान लोड होईपर्यंतचे मोजमाप, बस. राउटरच्या लिंकवर क्लिक केले की पत्ता बदलतो, पण ब्राउझर नवे पान आणत नाही. सगळे काम आधीच आलेली जावास्क्रिप्ट करते. त्या कामाचा अहवालात मागमूसही नसतो.

डेव्हटूल्समधील (क्रोम ब्राउझरमधील डेव्हलपरची साधने) लाइटहाउस पॅनेलवर आणखी दोन प्रकार आहेत, टाइमस्पॅन आणि स्नॅपशॉट. यादीच्या पानावर जा, टाइमस्पॅन निवडून सुरू करा, फिल्टर लावा, यादी पूर्ण दिसली की थांबवा. यात टोटल ब्लॉकिंग टाइम, लेआउट शिफ्ट (मजकुराचे जागेवरून हलणे) आणि इंटरॅक्शन टू नेक्स्ट पेंट म्हणजे आयएनपी (क्लिकपासून पडद्यावर बदल दिसेपर्यंतचा वेळ) मिळतो. पान लोडच होत नसल्याने एलसीपी (पानावरचा सर्वांत मोठा घटक दिसायला लागणारा वेळ) मिळत नाही आणि शंभरपैकी स्कोअरही नसतो. किती तपासण्या उत्तीर्ण झाल्या, एवढेच कळते.

हेच रोज आपोआप व्हावे असे वाटत असेल तर पपेटिअरची (क्रोम कोडने चालवणारी लायब्ररी) छोटी स्क्रिप्ट लिहा. ‘स्टार्टफ्लो’ने सुरुवात, मुख्य पानासाठी ‘नेव्हिगेट’, मग ‘स्टार्टटाइमस्पॅन’, क्लिक, ‘एंडटाइमस्पॅन’ आणि शेवटी ‘जनरेटरिपोर्ट’. बहुतेकांचे बिनसते ते क्लिक आणि शेवट यांच्यामध्ये. क्लिकनंतर लगेच थांबवले तर यादी रंगण्याआधीच मोजणी संपते आणि आकडे फसवे सुंदर येतात. नेटवर्क शांत होण्याची वाट पाहणेही धोक्याचे : डेटा आला, नेटवर्क शांत झाले, पण दोन हजार ओळी रंगवण्याचे काम अजून चालूच आहे, असे सहज होते. यादीची पहिली ओळ दिसेपर्यंत थांबा, म्हणजे त्या ओळीचा सिलेक्टर ‘वेटफॉरसिलेक्टर’ला द्या. फिल्टरआधीच यादी भरलेली असेल तर मात्र जुनीच ओळ सापडेल. अशा वेळी फक्त नव्या निकालात येणारी खूण शोधा.

तुमच्या वर्णनावरून संशय दोन गोष्टींवर जातो. एक, सगळ्या ओळी एकदम डॉममध्ये (ब्राउझरने धरलेली पानाची रचना) जात असाव्यात. त्यावर व्हर्च्युअल लिस्ट, म्हणजे पडद्यावर दिसतील तेवढ्याच ओळी रंगवणे, हा उपाय. दोन, तो मोठा अ‍ॅरे ‘रेफ’मध्ये ठेवला असेल तर व्ह्यू त्याला खोलवर रिअ‍ॅक्टिव्ह करते. नुसत्या वाचनाच्या डेटाला ‘शॅलोरेफ’ पुरतो. आयएनपी २०० मिलिसेकंदांपर्यंत असेल तर चांगला मानतात. १२ मार्च २०२४ पासून त्याने कोअर वेब व्हायटल्समध्ये (पानाच्या अनुभवाची गूगलची मुख्य मापे) फर्स्ट इनपुट डिलेची जागा घेतली. मात्र खरा निवाडा प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या भेटींवर, ७५ व्या शतमानाला होतो. तुमच्या स्क्रिप्टमधला एक क्लिक ही फक्त धोक्याची घंटा.

प्रश्न : लॉगिननंतरच्या डॅशबोर्डला लॉगिनआधीच्या पानांपेक्षा जास्त गुण कसे?

अहवालातील स्क्रीनशॉट पाहा. तिथे बहुधा लॉगिनचेच पान असेल, आणि दोन रकान्यांचे ते पान हलके असणारच. डेव्हटूल्समधून तपासताना कुकी पुसल्या जात नाहीत, पण तुमचे टोकन लोकल स्टोरेजमध्ये असेल तर ‘क्लिअर स्टोरेज’ची खूण काढा. स्वयंचलित तपासणीत आधी पपेटिअरने लॉगिन करून घ्या. त्यासाठी वेगळे चाचणी खाते ठेवा. खऱ्या खात्याचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून गिटवर टाकण्याचा पराक्रम नको.

प्रश्न : लाइटहाउस सीआयमध्ये (बिल्डबरोबर आपोआप चालणारी तपासणी) मुख्य पान तपासले जाते, ‘ऑर्डर्स’चे पान मात्र ४०४ देते. ब्राउझरमध्ये ते नीट उघडते.

सेटिंगमध्ये ‘स्टॅटिकडिस्टडिर’ (बिल्डच्या फोल्डरचा पत्ता) दिल्यावर लाइटहाउस सीआय स्वतःचा साधा फाइल सर्व्हर चालवते. ‘ऑर्डर्स’ नावाची फाइल बिल्डमध्ये नाही, म्हणून ४०४. ‘कलेक्ट’खाली ‘इजसिंगलपेजअ‍ॅप्लिकेशन’ ट्रू करा, म्हणजे अनोळखी पत्त्यांना ‘इंडेक्स’ फाइल मिळेल आणि राउटर पुढचे पाहील.

जाता जाता एक सांगतो. परफॉर्मन्स स्कोअर नव्वदच्या खाली गेला की बिल्ड पाडायचे, असा नियम लावू नका. सामायिक रनरवर आकडा इतका हलतो की चार दिवसांत लोक ‘पुन्हा चालवा’ बटण दाबायला शिकतात. स्कोअरवर फक्त इशारा ठेवा. बिल्ड पाडायचेच असेल तर स्क्रिप्टच्या एकूण आकारावर मर्यादा लावा. आकार दर वेळी तोच येतो. अँग्युलरमध्ये बजेटची ही सोय ‘अँग्युलर जेसन’ फाइलमध्येच आहे.

प्रश्न : आमच्या मराठी संकेतस्थळाला अ‍ॅक्सेसिबिलिटीत १०० मिळाले. आता काम संपले का?

नाही. या तपासण्या अ‍ॅक्स-कोर या लायब्ररीवर चालतात आणि यंत्राला कळेल तेवढेच ती पाहते. आत्ताच ‘इंडेक्स’ फाइल उघडून पहिल्या टॅगमधील ‘लँग’ पाहा. व्हीट आणि अँग्युलर या दोन्हींचा तयार साचा तिथे ‘ईएन’ लिहून देतो. अ‍ॅक्स फक्त भाषासंकेत दिलेला आहे आणि वैध आहे एवढेच बघते. मजकूर मराठी आणि संकेत इंग्रजी, हे तिला खुपत नाही. मग स्क्रीनरीडर मराठी वाक्ये इंग्रजी आवाजात वाचायला जातो आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही. तिथे ‘एमआर’ लिहा.

दुसरे, राउट बदलल्यावर काय होते ते कीबोर्डने तपासा. पानाचे शीर्षक बदलते का? फोकस नव्या मजकुराच्या मथळ्यावर जातो, की नाहीशा झालेल्या लिंकबरोबर हरवतो? मथळ्याला ‘टॅबइंडेक्स’ उणे एक देऊन राउट बदलल्यावर तिथे फोकस न्यावा. पॉपअप, उघडलेला मेनू, चुकीच्या माहितीचा फॉर्म अशा प्रत्येक स्थितीत एक स्नॅपशॉट घ्या. लोड होताना हे काहीच पडद्यावर नव्हते, म्हणजे तुमच्या १०० मध्ये त्यांची तपासणीच नाही.

प्रश्न : अहवालातला पीडब्ल्यूए (प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप, म्हणजे इन्स्टॉल करता येणारे वेब अ‍ॅप) विभाग कुठे गेला?

लाइटहाउस १२ मध्ये, २०२४ साली, तो काढून टाकला. मॅनिफेस्ट आणि सर्व्हिस वर्कर आता डेव्हटूल्सच्या अ‍ॅप्लिकेशन पॅनेलमध्ये हाताने तपासा.