आवाज येतो, पक्षी दिसत नाही: जांबोटीच्या रानात काय करावं

तुम्ही लिहिलंय की शिमग्याच्या सुट्टीत बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीकडच्या डोंगरात तीन तास चाललात, आवाज भरपूर ऐकलेत आणि दिसले फक्त बुलबुल. माझीही पहिली दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग एकदा कणकुंबीच्या अलीकडे बुटाचा तळ सुटला, सोबतचे पुढं गेले आणि मी फुललेल्या काटेसावरीखाली बसून राहिलो. पाऊण तासात त्या एका झाडावर कोतवाल, भृंगराज, हळद्या, पर्णपक्षी, साळुंक्या आणि शिंजीर बघितले. तेव्हापासून मी चालतो कमी, बसतो जास्त.

फाल्गुनात सावर, पांगारा, पळस फुललेले असतात आणि सावर-पांगाऱ्याला तेव्हा पानंही नसतात, म्हणजे आडोसाच नाही. उजाडायच्या आत झाडाजवळ पोचा, सूर्य पाठीशी घ्या आणि गप्प बसा. पाडव्यापर्यंत फुलं संपत येतात. मग पिकलेला उंबर किंवा वड शोधायचा.

तुम्ही ऐकलेला ‘कुटूर-कुटूर’ बहुधा कुटुरग्याचा. अंगानं हिरवा, बसतो पानांत. एकानं सुरू केलं की चार दिशांनी उत्तरं येतात, आणि आपण मान वर करून गोल फिरत राहतो. त्याच्या मागं लागू नका. शीळकरी कस्तुराची शीळ ऐकायची तर पावसाळ्यात ओढ्याकाठी या, तेव्हा तो मन लावून गातो. (खरं सांगायचं तर जळवा चावत असतानाही मी जाग्यावरनं हललो नव्हतो.)

कुणी खदाखदा हसल्यासारखं ऐकू आलं, तर तो मलबारी राखी धनेश. फक्त आपल्या सह्याद्रीत सापडणारा. या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फट तेवढी ठेवते आणि नर तिथनं फळं भरवतो. नर एकाच खोडाकडं पुन्हा पुन्हा येताना दिसला की तिथनं मागं सरा, लांबनं दुर्बिणीतनं बघा. माणूस खाली उभा असला की तो चोचीत फळ धरून दुसऱ्या फांदीवर थांबून राहतो, आणि आत मादी-पिल्लं उपाशी. मोबाईलवर आवाज वाजवून बोलवू नका, ढोलीचा ठिकाणासकट फोटो टाकू नका.

भीमगड अभयारण्यात शिरायचं असेल तर आधी वनखात्याची परवानगी घ्या. नाहीतर जांबोटी-कणकुंबी रस्त्यालगतचं रान पहिल्या खेपेला पुष्कळ झालं. कपडे मळखाऊ घाला. मी पांढरा शर्ट घालून गेलो होतो, हे वर सांगायचं राहिलं.