व्हिलन आपल्यासारखे का दिसतात?

प्रश्न: ताई, मी सोलापूरचा, पूर्व भागात राहतो, घरी तेलुगू, गल्लीत मराठी, कॉलेजात सगळं मिक्स. कुंग फूचे, तलवारी घेऊन छपरावरून उडणारे पिक्चर मला लय आवडतात. परवा लहान बहिणीसोबत 'द लास्ट एअरबेंडर' बघत होतो तर ती मध्येच म्हणली, दादा हे आगवाले व्हिलन सगळे आपल्यासारखे सावळे अन् चांगले सगळे गोरे, असं का? मला उत्तरच सुचेना. मित्र म्हणतात काल्पनिक दुनिया आहे बे, त्यात कसला आलाय रंग. मी उगाच डोकं लावतोय का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: उगाच नाही, आणि बहिणीला माझ्यातर्फे एक शेंगापोळी दे. तो पिक्चर २०१० चा. तो ज्या कार्टून सीरियलवरून काढला तिची दुनिया आशियातली आणि उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची, कपडे, लिपी, लढायचे डाव सगळं तिकडचं, आणि कतारा-सोक्का ही चांगल्या बाजूची भावंडं त्यात चक्क सावळी. पिक्चरमध्ये दोघं गोरी झाली, मुख्य पोरगा आंगसुद्धा गोरा, आणि आगवाल्यांचा राजपुत्र कोण तर देव पटेल, सेनापती आसिफ मांडवी, जो जन्मलाय मुंबईत! त्यात डायरेक्टर एम. नाइट श्यामलन जन्माने पुदुच्चेरीतल्या माहेचा. म्हणजे खुर्चीत आपला माणूस बसला की पडद्यावर आपलं भलं होतं, असं काही नसतं. मित्राला एवढंच विचार, दुनिया काल्पनिकच होती तर हिरो सावळा ठेवायला काय अडलं होतं? (२०२४ च्या नव्या सीरियलमध्ये कताराचं काम मोहॉक आदिवासी समाजातल्या मुलीने केलंय, ते बघायला हरकत नाही.)

पण मला तुझं ते "घरी तेलुगू, गल्लीत मराठी" जास्त आवडलं, कारण चेहऱ्यापाशीच थांबलं की निम्मी गोष्ट सुटते. २००० सालचा 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' हा चिनी तलवारबाजीचा पिक्चर घे. ४ ऑस्कर, जगभर वाहवा, कलाकार सगळे चिनी वंशाचे, म्हणजे प्रश्नच मिटला ना? तर चीनमधल्या बऱ्याच लोकांना त्यातली भाषाच खटकली. मिशेल यो मलेशियाची, तिने मँडरिन, म्हणजे चीनच्या राजभाषेतले, डायलॉग नुसते उच्चार पाठ करून म्हटले, चाउ युन-फॅट हाँगकाँगचा म्हणजे कँटोनीज ह्या वेगळ्या चिनी बोलीवाला, चांग चेन तैवानचा, झांग झियी तेवढी बीजिंगची. बाहेरच्याला सगळे एकच, आणि घरच्यांना एका वाक्यात कळतं कोण कुठला. हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. मी पुण्यात शिकायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी रूममेटला सोलापुरीत "काय करलालाव?" विचारलं, ती दोन दिवस हसत होती. चेहरा मराठी, नाव मराठी, पकडले गेले ते बोलण्यावरून.

म्हणून 'क्राउचिंग टायगर' डब केलेला बघू नको, डबमध्ये सगळे एकाच सुरात बोलतात.

आणि त्यातली जेड फॉक्स नीट बघ. ते काम केलंय चेंग पे-पेने, जी १९६६ च्या 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये तलवार घेऊन अख्खी खानावळ गप्प करायची, म्हणजे ह्या पिक्चरांत बाई हिरो असणं काही आजकालचं नाही. इथं ती म्हातारी झालीय आणि व्हिलन आहे. गुरूने तिला जवळ केलं पण बाई म्हणून विद्या दिली नाही, तिने त्याला मारलं, लढायच्या डावांची पोथी चोरली. पण अक्षरं कळेनात, मग नुसती चित्रं बघून डाव शिकली, आणि तिचीच शिष्या, बड्या घरची पोरगी, तीच पोथी वाचून गुपचूप तिच्या पुढे गेली. मला तरी त्या म्हातारीचा राग येत नाही.

बहिणीसोबत बघणार असशील तर ती बहुतेक विचारेलच, दादा, हिला वाचायला कुणी शिकवलं का नाही? त्याचं उत्तर मात्र आधीच तयार ठेव.