सासूबाई म्हणतात, लाल गोळीने बाळ काळं होतं

"ताई, पाचवा महिना चालू आहे, हिमोग्लोबिन 9.2 आलंय. लोहाच्या गोळीने मळमळतं, शी काळी होते. सासूबाई म्हणतात बाळ पण काळं होईल, त्यापेक्षा बीट-खजूर खा. दोन आठवडे गोळ्या उशीखाली लपवतेय, डॉक्टरांना सांगायची भीती वाटते."

अगं, तू निदान उशीखाली ठेवल्यास, मी माझ्या वेळी तुळशीच्या कुंडीत पुरायचे! त्यामुळे मी काही ओरडणार नाहीये.

आधी काळ्या रंगाचं. जे लोह अंगी लागत नाही ते बाहेर पडतं, म्हणून शी काळी दिसते, बाळाच्या रंगाशी त्याचा काडीचा संबंध नाही, तो तुम्हा दोघांच्या घराण्यांवर जातो. बीट-खजूर जरूर खा, पण गरोदरपणात 11 च्या खाली म्हणजे ॲनिमिया आणि 9.2 वरून नुसत्या खाण्याने वर यायला वेळ पुरणार नाही गं, बाळंतपणात रक्त जातं तेव्हा अंगात शिल्लक हवी ना. सरकारी लाल गोळीत 60 मिलीग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, ॲनिमिया असला की बहुतेक वेळा रोज दोन देतात, तुला किती ते डॉक्टरच सांगतील.

मळमळीचं म्हणशील तर उपाशीपोटी लोह जास्त लागू पडतं हे खरं, पण उलटून पडलेली गोळी काय कामाची? रात्री जेवून झोपताना घे, लिंबूपाण्याबरोबर. आणि एक विचारू, गोळी चहाबरोबर तर घेत नव्हतीस ना? चहा लोह नीट शोषू देत नाही, तास-दोन तास लांब ठेव. कॅल्शियमची गोळी पण वेगळ्या वेळी, दोन्ही एकदम गिळून मोकळं व्हायचं नाही. बद्धकोष्ठ झालं तर पाणी, पालेभाज्या.

तरी नाहीच जमलं तर गोळी बदलून मिळते, सलाईनमधून पण लोह देतात. पण त्यासाठी डॉक्टरांना खरं सांगावं लागेल, नाहीतर ते समजणार गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही आणि भलत्याच तपासण्या सुरू होतील. उद्याच फोन कर, महिन्याने परत रक्त तपास. धाप लागली, छाती धडधडली तर मात्र थांबू नकोस, लगेच जा.

सासूबाईंशी वाद नको घालूस, पुढच्या तपासणीला सोबत घेऊन जा, तुझ्यापेक्षा डॉक्टरांचं ऐकतील. आणि खजुराचे लाडू त्यांनाच करायला सांग.